मदत हवी आहे: सायलेंट हंटर ३ मध्ये मुंबई ते वेंगुर्ला किनाऱ्याचं ट्रॅफिक

नमस्कार मंडळी, मी देवगडचा. सायलेंट हंटर ३ हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांचा कॉम्प्युटर गेम खेळतो, १.४ पॅच आणि वर जीडब्ल्यूएक्स ३.० हा मोठा मॉड (खेळाडूंनी केलेला बदल) टाकलेला आहे, मॉड सगळे जेएसजीएमई या छोट्या प्रोग्रॅममधूनच चालू-बंद करतो. सध्या पेनांगच्या मान्सून गटातल्या (हिंदी महासागरात लढणाऱ्या जर्मन पाणबुड्यांच्या गटातल्या) बोटीवर करिअर चालू आहे आणि अटलांटिकमध्ये जसा जहाजांचा राबता वाटतो तसा आपल्या किनाऱ्यावर अजिबात वाटत नाही. मुंबईपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत मी चार दिवस फिरलो, एक पण बोट नाही! हे मनाला पटत नाही. २ ऑक्टोबर १९४३ ला यू-१६८ या जर्मन पाणबुडीने मुंबईजवळ हायचिंग नावाचं व्यापारी जहाज बुडवलं होतं, म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, गलबतं पाण्यात उतरलेली, मालवाहतूक जोरात चालू असणार. माझे पणजोबा तांडेल होते, कौलं आणि लाकूड घेऊन मुंबईला जायचे, आजी सांगायची की मोसमात संध्याकाळी खडपावर उभं राहिलं की शिडंच शिडं दिसायची. मला तो समुद्र गेममध्ये बघायचाय.

म्हणून कॅम्पेनची आरएनडी फाईल (गेममधल्या जहाजांची ये-जा जिच्यात लिहिलेली असते ती) नोटपॅडमध्ये उघडून स्वतःच ग्रुप, म्हणजे जहाजांचे ताफे, लिहायला घेतले. एक ग्रुप आगबोटीचा, मुंबई, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे वेपॉइंट (मार्गावरचे टप्पे) दिलेत आणि जहाज गेममधलं कोस्टल मर्चंट हे व्यापारी जहाज घेतलंय. दुसरे ग्रुप गलबतांचे, पण गलबतासारखं मॉडेल मला मिळालं नाही म्हणून फिशिंग बोट घेऊन वेग ४ नॉट ठेवलाय. आता अडचणी सांगतो. रत्नागिरीच्या पुढे आगबोट सरळ जमिनीत घुसते आणि तिथेच उभी राहते. वेंगुर्ल्याला तर सात-आठ बोटी एकाच जागी गोळा झाल्या होत्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे १९४३ चं करिअर चालतं पण १९४१ चं लोड होतानाच गेम बंद पडतो, काही एरर पण दाखवत नाही.

अजून एक, पावसाळ्याचं काय करायचं? जून ते ऑगस्ट गलबतं शाकारून वर ओढलेली असायची, आगबोट पण बंद. ग्रुपला सुरुवातीची आणि शेवटची तारीख देता येते पण "दरवर्षी हे महिने सोड" असं सांगायची सोय मला सापडली नाही. कोणी केलंय का असं?

प्रतिसाद

छान काम करताय हो. लोड होताना बंद पडतंय ते बहुतेक रोस्टरमुळे. प्रत्येक देशाच्या रोस्टर फोल्डरमध्ये त्या जहाजाची फाईल असते, त्यात ते कधीपासून कधीपर्यंत उपलब्ध आहे ती तारीख दिलेली असते. तुम्ही ब्रिटिश ग्रुपमध्ये जे जहाज मागताय ते १९४१ ला ब्रिटिश रोस्टरमध्ये नसेल तर गेमला ते सापडत नाही आणि तो बसतो. तारीख बघा, नाहीतर नेमकं जहाज न देता फक्त प्रकार द्या, गेम स्वतः निवडेल.

बोटी गोळा होतायत कारण शेवटच्या वेपॉइंटला ग्रुप काढून टाकायची सेटिंग तुम्ही फॉल्स ठेवली असणार, ती ट्रू करा. जमिनीचं म्हणाल तर गेममधली जहाजं किनारा ओळखत नाहीत, एका वेपॉइंटवरून दुसऱ्यावर नाकासमोर जातात, त्यामुळे भूशिर आलं की धडकणारच. पॉइंट बाहेर खोल पाण्यात घ्या आणि मध्ये जास्तीचे टाका. पावसाळ्याला सोपा मार्ग नाही, दर मोसमाचा वेगळा ग्रुप करायचा, सप्टेंबरला सुरू मेअखेर बंद, आणि तो तारखा बदलून कॉपी करत जायचा. आणि बदल केल्यावर जुना समुद्रातला सेव्ह लोड करू नका, बोट बंदरात असतानाच फाईल बदला.

धागाकर्ता

खूप खूप आभार दादा! रोस्टरच होतं, कोस्टल मर्चंटची तारीख आधीची केली आणि १९४१ लोड झालं. वेपॉइंट पण बाहेर नेले, आणि नेताना लक्षात आलं की तेच बरोबर आहे, कारण आजी म्हणायची आगबोट बाहेरच नांगर टाकायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची, मी उगाच तिला बंदरात घुसवत होतो. मोसमाचे ग्रुप आज रात्री लिहायला बसतो, १९३९ ते १९४५ म्हणजे बरेच होतील. कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल तर एवढंच विचारून सांगा, आगबोट देवगडला दिवसा यायची की रात्री, म्हणजे मुंबईहून सुटायची वेळ तशी लावतो.