उत्तर: गांजाला मोकळं रान मिळालंय का?

‘एनसीएएनं (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना) गांजा बंदी-यादीतून काढला, आता पोरांना मोकळं रान,’ हे काही पटलं नाही. जून 2024 चा तो निर्णय डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटापुरता, त्यातही अजिंक्यपद स्पर्धा आणि अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाअखेरच्या सामन्यांतल्या चाचण्यांपुरता होता. कॉलेजचे स्वतःचे नियम वेगळे. तिथे पकडलं गेलं तर सामन्याबाहेर बसावं लागू शकतं.

मूळ दुखणं चाचणीतच आहे. दारू दुसऱ्या दिवशी उतरते, पण गांजातला टीएचसी हा नशा आणणारा घटक चरबीत मुरतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश कित्येक आठवडे सापडतात. म्हणजे माणूस शर्यतीच्या दिवशी नशेत होता की महिन्यापूर्वी, हे त्या बाटलीवरून कळतच नाही. 2022 मध्ये एनसीएएनं या अंशांची मर्यादा मिलिलिटरला 35 वरून 150 नॅनोग्रॅम केली, तरी प्रश्न तोच.

अमेरिकेची धावपटू शकारी रिचर्डसन आठवा. 2021 ची ऑलिंपिक निवड स्पर्धा ऑरेगन राज्यात झाली, तिथे प्रौढांना गांजा कायदेशीर. जन्मदात्या आईच्या मृत्यूची बातमी कळल्यावर तिने तो ओढला. शिक्षा एकच महिना, पण टोकियो ऑलिंपिक हुकलं. (ती तेव्हा कॉलेजात नव्हती, नियमही वाडाचे, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचे होते, हे मान्य.) स्टेरॉइड घेणाऱ्याच्या रांगेत तिला उभं करणं मला तेव्हाही खटकलं होतं.

आपल्याकडून तिकडे खेळायला गेलेल्या मुलांनी मात्र भानावर राहावं. अमेरिकेचा केंद्रीय कायदा राज्यांइतका सैल नाही, आणि व्हिसाच्या वेळी तोच बघतात.