मदत हवी आहे: सातारा ते शिरोडा सात दिवसांची सायकल मोहीम, वय १६

नमस्कार. मी साताऱ्याची, अकरावी सायन्सला आहे. नाताळच्या सुट्टीत इथला एक सायकल ग्रुप कोकणातून शिरोड्यापर्यंत सात दिवसांची मोहीम काढतोय आणि मी त्यात नाव दिलंय. एकूण अठरा जण आहोत. माझ्या वयाचे आम्ही तिघं, त्यात मुलगी मी एकटीच. मोठ्या तीन बायका आहेत. पैसे भरून झालेत, आईबाबांनी संमतिपत्रावर सहीसुद्धा केलीय. हातात नऊ आठवडे आहेत आणि तयारीत माझं कुठेतरी चुकतंय असं वाटतंय, म्हणून विचारतेय.

मार्ग असा आहे. पहिल्या दिवशी उंब्रज, पाटण करत कोयनानगर. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मुक्काम गुहागर. तिसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड आणि मग गणपतीपुळे. चौथ्या दिवशी आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, जैतापूर. पुढे विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मग आचरा, मालवण आणि शेवटच्या दिवशी परुळे, वेंगुर्ले, शिरोडा. रोज ६० ते ९० किलोमीटर. सामान टेम्पोत असेल. १९३० चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्याला झाला होता हे शाळेत शिकले तेव्हापासून तिथली मिठागरं बघायची आहेत आणि तिथे सायकलने पोचायचंय. टेम्पोत बसून नाही.

सायकल दादाची आहे. हायब्रिड, पुढे ३ मागे ७ गिअर, साधे रिमचे ब्रेक. दादा ५ फूट १० इंच, मी ५ फूट २. पाय टेकावेत म्हणून मी सीट पार खाली केलीय. तरी हँडल लांब पडतं आणि तासाभरात तळहात बधिर होतात.

आतापर्यंत सगळ्यात लांब म्हणजे कासला जाऊन आले, येऊन-जाऊन ५० च्या आसपास. चढ कसाबसा काढला, पण दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघे वाटीच्या पुढे दुखत होते, जिना उतरताना जास्त. आणि त्याच राईडला परतताना यवतेश्वरच्या घाटात मी दोन्ही ब्रेक सतत धरूनच ठेवले होते. चार-पाच वळणांनंतर बोटं आखडली, करंगळीशेजारचं बोट तर सरळच होईना. कठड्याशी थांबले आणि रिमला हात लावला तर चटका बसला. कुंभार्ली घाट आठवला की पोटात गोळा येतो तो यामुळे.

पुढच्या रविवारी ठोसेघरला गेले. घाईत चहा-बिस्किटं खाऊन निघाले होते, पाण्याची बाटली एकच. येताना सज्जनगड फाट्याजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हात थरथरायला लागले. रस्त्याकडेला बसले, एका आजींनी गूळ आणि पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक विचारायचंय, आणि ते इथल्या ताई-काकूंनाच विचारता येईल. माझ्या पाळीची तारीख मोहिमेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतेय. पॅड लावून दिवसभर सीटवर कसं बसायचं? आईला सायकलचा अनुभव नाही, ती म्हणते गोळी घेऊन पुढे ढकलू.

शेवटचं म्हणजे मी सगळ्यांच्या मागे राहीन याची फार भीती वाटते. माझ्या एकटीसाठी सतरा जण थांबलेत हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. क्लास सांभाळून नऊ आठवड्यांत काय काय करता येईल ते सांगा.

प्रतिसाद १

अगं, सगळ्यात आधी सीट वर कर. दोन्ही पावलं टेकली पाहिजेत हे आपल्याला सायकल शिकतानाच सांगितलेलं असतं आणि ते डोक्यातून जात नाही. सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेरीला गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि वाटीच्या पुढे दुखतं. भिंतीला धरून सीटवर बस, टाच पॅडलवर ठेव, पॅडल सगळ्यात खाली ने. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. थांबायचं असेल तेव्हा सीटवरून पुढे सरकून उतरायचं. आठवडाभरात सवय होते.

सीट वर गेली तरी हँडलचं अंतर कमी होणार नाही. दुकानात आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा दांडा) लावून मिळतो, पण तुमच्या उंचीत आठ इंचांचा फरक आहे. ग्रुपमध्ये कुणाकडे लहान फ्रेमची सायकल आहे का ते आधी विचार. काय बदलायचं ते नोव्हेंबरातच बदल. निघायच्या आठवड्यात नवीन सीट, नवीन बूट असलं काही करू नकोस.

गिअरबद्दल तू लिहिलं नाहीस, पण चढाला पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी लावायची. पाय हलके आणि भरभर फिरले पाहिजेत, मिनिटाला ७०-८० फेरे. जड गिअरवर उभं राहून जोर काढलास तर सीट बरोबर करूनही गुडघे दुखतील.

सरावाचं म्हणशील तर सलग दोन दिवस चालव. मोहिमेत कस लागतो दुसऱ्या दिवशी सकाळी, जड पायांनी परत सीटवर बसताना. या शनिवार-रविवारी ३० आणि ३०, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढव. डिसेंबरच्या मध्याला ७५ आणि ६० झाले की तू तयार. त्यानंतर फक्त हलकं. मधल्या वारी क्लासच्या आधी दोनदा पाऊण तास पुरे.

आता पाळी. मी चार मोहिमा केल्यात, त्यातल्या दोन पाळीत. पॅडेड शॉर्ट्स एरवी आत काही न घालता वापरतात, शिवण घासते म्हणून. त्या दिवसांत मात्र आत बिनशिवणीची सुती निकर आणि पातळ पॅड, आणि दर थांब्याला बदलायचं. ओल राहिली की मांड्या सोलवटतात, म्हणून व्हॅसलिन लाव. पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) मला सगळ्यात सोयीचा वाटतो, पण तो वापरायचा असेल तर पुढच्या दोन पाळ्या घरी वापरून बघ. पहिल्यांदा प्रवासात नको. गोळीचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आईलाही हे वाचायला दे. ग्रुपमधल्या त्या तीन बायकांपैकी एकीला आधीच सांगून ठेव, म्हणजे थांबा मागायला संकोच वाटणार नाही. आणि अंधारी आल्याचं आईला आजच सांग. पुन्हा झालं तर डॉक्टरांना दाखवायचं.

प्रतिसाद २

मी गुहागरचा. पोरी, तू म्हणतेस तो रस्ता मी वर्षानुवर्षं चालवतोय. घाटावरच्या मंडळींना वाटतं किनारा म्हणजे सपाट. इथे रस्ता खाडीपाशी पाण्याच्या पातळीला येतो आणि लगेच सड्यावर, म्हणजे उंचावरच्या खडकाळ माळावर चढतो. खाडी दिसली की समजायचं, पुढे चढ आहे. असं दिवसातून चार-पाच वेळा. एकच मोठा घाट चढण्यापेक्षा हे जास्त दमवतं, तेव्हा साताऱ्यात छोटे चढ पुन्हा पुन्हा कर. सड्यावर जांभा दगड, झाड नाही, अकरानंतर तापतो. हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. दोन बाटल्या घे, एक साध्या पाण्याची आणि एक ओआरएसची, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच केलेली. भुकेची वाट बघू नकोस, दर तासाला काहीतरी खा: केळं, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी. तू फाट्यावर बसलीस ती उपाशीपोटी निघाल्यामुळे, असं मला वाटतं. सकाळी पोहे-उपमा खाऊन निघायचं.

कुंभार्लीत ट्रक बरेच असतात, तो गुहागर-विजापूर महामार्ग आहे. ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. वळणाच्या आधी दोन्ही दाबायचे, वेग मोडायचा, सोडायचे. वळणात बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, वजन मागे. पुढच्या सायकलपासून लांब राहायचं. बोटं आखडली तर बिनधास्त थांब, रिमही गार होईल. निघायच्या आधी ब्रेकची रबरं बदलून घे. तुझी बोटं लहान असतील तर ब्रेकची मूठ हँडलच्या जवळ आणता येते, छोटा स्क्रू असतो, दुकानदाराला सांग.

तवसाळच्या धक्क्यावर सायकल हातात धरून चालत जा. भरतीचं पाणी येऊन गेलेल्या भागावर शेवाळ असतं, तिथे चांगले चांगले आपटलेत. खाऱ्या हवेने चेन लवकर गंजते, रोज रात्री फडक्याने पुसून तेलाचे थेंब दे.

प्रतिसाद ३

मी अशा मोहिमांत शेवटच्या भिडूचं काम करतो, म्हणजे सगळ्यात मागच्या माणसाच्या मागे राहायचं. तू मागे पडलीस तर तिथे कुणीतरी ठरवून असणार आहे, हे आधी तुमच्या लीडरकडून पक्कं करून घे. सकाळी पंधरा मिनिटं आधी कुणाबरोबर तरी निघण्याची परवानगी माग. हळू चालवणारे असंच करतात आणि नाश्त्याला सगळे एकत्र येतात. सरावात दोन राईड तरी ग्रुपबरोबर कर. पुढचा "खड्डा!" ओरडला की मागच्यानेही ओरडायचं, थांबताना हात दाखवायचा, एकामागे एक चालवायचं, हे एकटीने शिकता येत नाही. पंक्चर काढायलाही शीक. मागचं चाक काढून ट्यूब बदलून परत बसवणं घरी पाच वेळा कर.

धागा सुरू करणारी

ताई, काका, दादा, मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. अंधारी आल्याचं ऐकून ती आधी रागावली, मग स्वतःच राजगिऱ्याच्या वड्या करून दिल्या. गोळीचा विषय संपला. लहान फ्रेमची सायकल ग्रुपमधल्या एका काकूंकडे आहे, त्या पुढच्या रविवारी आणून देणार आहेत.

तोवर दादाच्याच सायकलची सीट वर करून शनिवारी कोरेगाव आणि रविवारीही कोरेगाव केलं, ३८ आणि ३८. पहिल्या सिग्नलला उतरताना घाबरले, नंतर जमलं. वाटीच्या पुढचं दुखणं थांबलंय. पण रविवारी संध्याकाळपासून गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ जाणवतेय आणि दादा मागून बघत होता, तो म्हणतो पॅडल खाली गेलं की माझं कंबरडं डावीकडे-उजवीकडे हलतं. सीट आता जास्त वर गेलीय का? किती खाली घेऊ, बोटभर की त्याहून कमी?