'सशर्त सापेक्ष वारंवारता' याला साधा शब्द आहे का?

पाटीपेन्सिल : भाचीला सांख्यिकी शिकवताना हा शब्द आला. म्हणजे, सगळ्यांत नव्हे, तर एका ठरावीक गटात एखादी गोष्ट शेकडा किती, ते प्रमाण (conditional relative frequency). ती म्हणते, "मामा, हे सशर्त जामिनासारखं वाटतंय." 'सशर्त'ऐवजी 'सोपाधिक' असाही पर्याय वाचला. कोणता घ्यावा?

काथ्याकूट : 'सोपाधिक' नको. उपाधी म्हणजे मर्यादा घालणारी अट, हा न्यायशास्त्रातला अर्थ आज कोणाला आठवतो? आपल्याकडे उपाधी एकतर नावाला चिकटते, नाहीतर नसती पाठीमागे लागते. 'सशर्त' बरा. संस्कृत 'स' आणि अरबी 'शर्त' यांचा संसार आता रुळला आहे.

एकपाठी : शब्द कोणताही घ्या, गणिताची किल्ली 'पैकी'त आहे. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकची सारणी सांख्यिकीच्या वर्गात नेहमी वापरतात, तीच घेऊ. आडव्या ओळींत प्रवाशांचे तिकिटानुसार वर्ग आणि कर्मचारी, उभ्या स्तंभांत वाचलेले आणि बुडालेले. एकूण माणसं २२०१, वाचली ७११. पहिल्या वर्गात ३२५ होती, त्यातली २०३ वाचली.

'पहिल्या वर्गातल्यांपैकी वाचलेले' : २०३ भागिले ३२५, म्हणजे शेकडा ६२.५.
'वाचलेल्यांपैकी पहिल्या वर्गातले' : २०३ भागिले ७११, शेकडा २८.६.

अंश तोच, छेद वेगळा. ज्याला 'पैकी' लागलं, त्याची बेरीज छेदात.

खरी गंमत जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची. ते ८८५, वाचले २१२. वाचलेल्यांपैकी कर्मचारी शेकडा २९.८, म्हणजे पहिल्या वर्गापेक्षाही जास्त! एवढंच वाचणारा म्हणेल, नोकरांचं नशीब थोर. पण कर्मचाऱ्यांपैकी वाचले शेकडा २४च. मुळात तेच संख्येने जास्त होते.

पाटीपेन्सिल : आणि २०३ भागिले २२०१?

एकपाठी : शेकडा ९.२. तिथे 'पैकी' सगळ्या जहाजाला लागलं. अट नाही, म्हणून 'सशर्त' गळतं. 'सापेक्ष' राहतं, कारण एकूण संख्येच्या अपेक्षेने मोजलंय.

काथ्याकूट : पटलं. सातबाऱ्यावरही 'गट नंबर अमुक पैकी' असंच असतं की! आधी अख्खा गट, मग आपला तुकडा.

पाटीपेन्सिल : भाचीच्या सरावाच्या प्रश्नात मात्र 'वाचलेले पहिल्या वर्गातील प्रवासी शेकडा किती?' असं आहे.

एकपाठी : मग तिला म्हणावं, सरांनाच विचार, 'कोणापैकी?'