सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात, ऑनलाइन काही सोय होते का?

ठिबकवाला चोपडा
रामराम मंडळी. चोपड्याला आमचं ठिबक अन मोटारपंपाचं दुकान, यावलला दुसरी शाखा, मिळून नऊ माणसं. अडचण अशी की फिल्डचं सगळं ज्ञान एका जुन्या फिटरकाकांकडे, ते गावाला गेले की शेतकऱ्याला उत्तर द्यायला कोणी नाही. मागच्या महिन्यात एकाच्या केळीत क्षारांनी ड्रिपर चोक झाले, ॲसिड ट्रीटमेंट कशी द्यायची ते काकांनी ग्रुपवर दोनदा व्हॉइस मेसेज करून सांगितलेलं, पण पोरांना गुड मॉर्निंगच्या फोटोंमध्ये ते सापडलेच नाही अन बाग दोन दिवस तहानली, मला फार वाईट वाटलं. सोशल मीडियावर जाहिरात करा असं सगळे सांगतात, मला आतलं काम सुधारायचंय. कोणी केलंय का?

दालमिल जळगाव
भाऊ, व्हॉट्सॲप बोलायला चांगलं, साठवायला नाही. साठवायला विकी हा प्रकार जुना आहे, वॉर्ड कनिंगहॅमने 1995 मध्ये पहिला विकी चालू केला तो प्रोग्रामर लोकांनी आपापला अनुभव एका जागी लिहावा म्हणून, विकिपीडिया तर 2001 ला आला. पान एकच, जो वाचतो तोच दुरुस्त करतो. आम्ही एवढं मोठं नाही केलं, साधी गुगल शीट, कोणत्या मशीनचा पट्टा कधी बदलला, बेअरिंग कोणत्या नंबरचं, कुठून आणलं. आता रात्री दोनला मिल थांबली तरी पाळीवरचा ऑपरेटर मोबाईलवर बघून काम सुरू करतो, मला उठवत नाही.

केळी रावेर
शीट बनवणं सोपं आहे भो, लिहितं कोण ते महत्त्वाचं. आमच्या पॅकिंगला एका पोराने बॉक्सचा आकडा चुकवला, मोठा भाऊ ग्रुपवर सगळ्यांसमोर त्याला बोलला, त्यानंतर महिनाभर कोणी काही भरलंच नाही. शेवटी भावानेच ठरवलं की चूक दिसली तर गुपचूप दुरुस्त करायची, जुनं तसंही व्हर्जन हिस्टरीत राहतं. अन काकांना टाइप करायला लावू नका, ते बोलतील, पोरगं लिहील, पानावर नाव मात्र काकांचंच टाका. मान मिळाला की माणूस अजून सांगतो.

दुसरं, गिऱ्हाईक काय विचारतं ते लिहून ठेवा. आम्हाला दर थंडीत तोच प्रश्न, पारा उतरला केळीचं काय करू. रात्री पाणी द्या, बांधावर धूर करा, घड झाका, असं फोटोसकट एकदा लिहिलं अन व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये ठेवलं. आता कोणीही फोन उचलला तरी उत्तर एकच जातं.

ठिबकवाला चोपडा
लय कामाचं बोललात. एडिट सगळ्यांना द्यायचं का?

दालमिल जळगाव
रेटची शीट फक्त बघायला द्या, बाकी सगळं एडिटला खुलं. अन ॲसिडच्या पानावर सगळ्यात वर लाल अक्षरात लिहा, पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

ठिबकवाला चोपडा
हो, काका पण हेच पहिलं सांगतात. सोमवारी येतायत ते, यावलच्या पोराला शेजारी बसवून तेच पान आधी करतो.