निवडणूक लढवत नाही म्हणजे पळपुटेपणा का?

रानवारा: काल इथेच एकाने लिहिलं, "ज्यांना समाज बदलायचाय त्यांनी निवडणूक लढवावी. बाहेर बसून मोर्चे काढणं म्हणजे जबाबदारी न घेता नाव कमावणं." रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मेंढा-लेखा घ्या. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांनी नुसती भिंतीवर रंगवली नाही. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं ग्रामसभा चालवली, निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत अभ्यासगट केले, कायदा समजून घेतला. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी वनखातं बांबूचा वाहतूक परवाना देईना. बांबू म्हणे झाड आहे! 2006 च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, म्हणून चक्क लिहिलेला असताना. गाव हटलं नाही. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं. यात कुणी आमदारकी मागितली होती?

पायवाट: ते मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. ताई, तो 2006 चा कायदा ग्रामसभेने केला का? संसदेने केला. आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, तोही संसदेचाच. आणि परवाना घेऊन शेवटी आला कोण, तर मंत्री.

मी हे बाहेरून बोलत नाही. अकरा वर्षं एका संघटनेत पूर्णवेळ होतो, तीन हजार मानधनावर. दर निवडणुकीआधी बैठक व्हायची आणि ठराव ठरलेला: कुणालाही पाठिंबा नाही. मग ज्याच्याविरुद्ध वर्षभर धरणं धरलं, तोच निवडून यायचा आणि निवेदन घेऊन आम्ही त्याच्याच दारात. तिसऱ्या वेळी त्याच्या बंगल्याबाहेर चपला काढताना मला रडू फुटलं. महिन्याभरात संघटना सोडली.

नांगरमूठ: संसदेला काय स्वप्न पडलं होतं? 2002 नंतर अतिक्रमण म्हणून आदिवासींना जंगलातून हुसकायला लागले, तेव्हा देशभरातल्या संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे कायदा झाला. आणि लढवली की निवडणूक! मेधाताई पाटकर 2014 ला ईशान्य मुंबईतून उभ्या होत्या. तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या. 'निवडणूक लढवा' असा सल्ला देणारे तेव्हा कुठे होते?

उन्हाळी: माझे वडील पुण्यात हमाल होते. हमालांसाठीचा माथाडी कायदा झाला 1969 ला. म्हणून म्हाताऱ्याला फंड मिळाला, आम्ही शिकलो. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील संघटनाही चालवत आणि विधान परिषदेतही होते. हमाल पंचायतीचे बाबा आढावसुद्धा एकेकाळी नगरसेवक होतेच. दोन्हीकडे पाय ठेवला म्हणून कुणी बाटत नाही. एवढंच सांगायचं होतं.

पायवाट: मी वेगळं काय म्हणतोय? चंद्रपूरच बघा. 2010 ला दारूबंदीसाठी बाया चिमूरहून नागपूरला विधानभवनावर पायी गेल्या. 2015 ला दारूबंदी झाली. 2021 ला मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत उठली. इतक्या वर्षांची पायपीट एका बैठकीत पुसली जाते, कारण त्या बैठकीत बायांचं कुणी बसलेलं नव्हतं.

नांगरमूठ: अर्धीच गोष्ट सांगू नका. त्या आंदोलनाच्या पारोमिता गोस्वामी 2019 ला ब्रह्मपुरीतून विधानसभेला उभ्या राहिल्याच होत्या. पडल्या. आणि तिथून निवडून आलेलेच पालकमंत्री झाले, त्यांनीच बंदी उठवायचं मनावर घेतलं. तुमचं औषध घेऊन झालंय.

काळी चिमणी: उठवली ते बरंच झालं. माझा धाकटा भाऊ बंदीच्या काळातच प्यायला लागला. आधी दुकान बसस्टँडजवळ होतं, तिथे ओळखीचं कुणी दिसेल म्हणून जायची लाज वाटायची. बंदीनंतर दारू घरपोच यायला लागली, दुधाच्या कॅनमधून, दुप्पट पैशांत. आणून देणारी पोरं पंधरा-सोळा वर्षांची. आईचं डोरलं त्यात गेलं. मोर्चा काढणाऱ्यांपैकी कुणी आमच्या दारात विचारायला आलं नाही.

नांगरमूठ: मग खून होतात म्हणून खुनाचा कायदाही काढून टाका! भट्टीवाल्यांचीच भाषा बोलताय तुम्ही.

काळी चिमणी: भाऊ माझा गेलाय. तोंड सांभाळून बोला.

नांगरमूठ: भट्टीवाल्यांचं वाक्य मागे घेतो. चुकलो. बंदीबद्दलचं मत तेच आहे.

रानवारा: चिमणी, तुझ्या भावाचं वाचून पोटात कालवलं. दारात कुणी आलं नाही, ही आमचीच चूक. बंदी झाली तसं सगळ्यांना वाटलं काम संपलं. गाव-समित्या थंड पडल्या. हे मी आजवर उघड बोलले नव्हते.

पण बंदी नको म्हणणाऱ्यांनी आमच्या गावचं मतदान बघायला हवं होतं. जिल्हाबंदीच्या आधीची गोष्ट, देशी दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायांचं मतदान: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. माझी आई शाळेच्या फाटकाशी सकाळपासून मतदार यादी धरून उभी. यादीत बायांची नावं 612, म्हणजे 306 हव्यात. झालेल्या मतांच्या निम्मी नाही, यादीतल्या निम्मी! त्यात मेलेल्या होत्या, लग्न होऊन गेलेल्या होत्या, आणि पन्नासेक जणी तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या. आडव्या बाटलीला 289 पडली, उभीला 21. आम्ही हरलो. आईने यादीची घडी घालून कमरेला खोचली आणि घरी येऊन चूल पेटवली. दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

कुठल्या आमदाराला यादीतल्या निम्म्या मतांची अट आहे, पायवाट? मेलेली माणसं त्याच्या विरोधात मोजतात का? तुम्ही म्हणता त्या निवडणुकीपेक्षा कितीतरी कठीण निवडणूक माझी आई लढली, आणि तुम्ही त्याला बाहेर बसणं म्हणता.

उन्हाळी: मूळ विषय दारू नव्हता.

काळी चिमणी: आमच्या घरात तोच विषय आहे.

पायवाट: रानवारा, यावर मला उत्तर नाही. 'नाव कमावणं' हे शब्द मागे घेतो, फक्त तेवढेच. ती निम्म्याची अट बदलायला विधानसभेतच माणूस लागेल, हे माझं म्हणणं कायम आहे. तोवर एक काम मात्र आमदाराविना होतं. मृतांची आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं वगळायला फॉर्म 7 असतो. आमच्या तालुक्यात मी घरोघर बसून भरून घेतलेत, त्यात हात बसलाय. तुमच्याकडे दुकान परत उघडलंय का?

रानवारा: 2021 लाच. अर्जासाठी पंचवीस टक्के बायांच्या सह्या लागतात, त्या आई गोळा करतेय. या तुम्ही. पण दिवाळी झाली की लगेच या, बाया मिरचीला निघायच्या आत. आणि चिमणी, तूही ये. घरोघर जाताना काय विचारायचं ते आम्हाला तू सांग.