पतसंस्थेतल्या बचत ठेवी आटताहेत, व्याज वाढवायचं की काउंटर सुधारायचा? मदत हवी आहे

रामबाग_इंदोर:

नमस्कार मंडळी, इंदोरहून लिहितोय, जरा लांबण लागेल, आधीच सांगून ठेवतो.

इथे मराठी लोकांची एक जुनी साख सहकारी संस्था आहे, म्हणजे आपली पतसंस्थाच. नाव नको. मी हिशोबाचं काम करतो म्हणून मला धरून संचालक मंडळावर बसवलंय आणि बसल्यापासून एकच विषय, बचत खात्यातले पैसे कमी होताहेत. मुदत ठेवी ठीक आहेत, लोक रिन्यू करतात. पण बचत खाती, जो आमच्यासाठी सगळ्यात स्वस्त पैसा, तीच आटताहेत. आणि गंमत म्हणजे खाती बंद होत नाहीत! सभासद तेवढेच, आमसभेला गर्दी तेवढीच, नाश्ताही तेवढाच संपतो. फक्त खात्यात हजार-पाचशे ठेवून बाकीचं सगळं गुपचूप दुसरीकडे गेलेलं. कोणी भांडत नाही, तक्रार वही कोरी करकरीत, त्यामुळे मंडळात सगळे म्हणतात सेवेचा प्रश्नच नाही, एक तरी तक्रार आहे का दाखवा.

अध्यक्षांचं म्हणणं, अर्धा टक्का व्याज वाढवा, लोक परत येतील. मी मीटिंगमध्येच मोबाईलवर हिशोब करून दाखवला. साधारण सभासदाचे खात्यात २० हजार धरा, अर्धा टक्का म्हणजे वर्षाचे १०० रुपये, महिन्याला सव्वाआठ. त्यासाठी सुदामा नगरहून रामबागेपर्यंत कोण येणार, रिक्षावालाच त्याहून जास्त घेतो. आणि संस्थेचे मात्र दर कोटीमागे वर्षाला ५० हजार गेले. अध्यक्ष म्हणाले तुम्ही फार आकडे काढता. सचिवकाका सेवेच्या बाजूने आहेत, पण त्यांची सेवा म्हणजे एसी, काचेचं दार आणि बाहेर मोठा फ्लेक्स.

आता मला जे दिसलं ते सांगतो. दुपारी काउंटरपाशी बसलो होतो, लोकमान्य नगरच्या एक काकू आल्या, पाच हजार काढायचे होते. आमच्या क्लार्कने स्लिप घेतली, नमुना सहीचं कार्ड काढलं, ते किती जुनं ते विचारू नका, आणि मान वर न करता म्हणाला सही जुळत नाही काकू. बघा हं, म्हणतोय काकू, म्हणजे ओळखतो, त्यांच्या मुलाच्या लग्नाला जेवून आलेला माणूस. त्यांनी स्लिपच्या मागे परत सही केली, हात थरथरतो त्यांचा, मग अजून एकदा केली, ती आधीपेक्षा वाकडी. क्लार्क म्हणाला मॅनेजरसाहेब बाहेर गेलेत, उद्या या. त्यांनी स्लिपची व्यवस्थित घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात पुण्याहून मुलगा आला आणि हजार रुपये ठेवून सगळे काढून घेऊन गेला. आमच्या रजिस्टरमध्ये ते खातं आजही "चालू" आहे.

क्लार्कला एकट्याला दोष देत नाही. रोख, पासबुक, पिग्मी (म्हणजे रोज दारात जाऊन गोळा करायची छोटी बचत) एजंटांचा हिशोब, सगळं तोच बघतो.

आणि त्याच पिग्मीवर मी अडकलोय. त्यात व्याज बचतीपेक्षा काही फार नाही, मधेच मोडलं तर तेही कापतो आम्ही, तरी ती जमा कमी होत नाहीये. भाजीवाले, चहावाले, शिलाईवाल्या बायका, रोजचे पन्नास-शंभर देतात. कारण एजंट दारात जातो, पावती देतो, दिवाळीला कोणाच्या घरी काय झालं ते पण त्याला माहीत असतं. मग हे लोक व्याज बघतात की माणूस?

तर विचारायचंय असं की बँकेची सेवा कशी आहे त्यावर बचत ठेव खरंच ठरते का, कोणी बँकेत काम केलंय किंवा यावर अभ्यास केलाय का, आणि आमच्यासारख्या छोट्या संस्थेने सर्व्हेवर पैसे न घालवता हे शोधायचं कसं. अध्यक्षांना नुसतं "मला वाटतं" सांगून चालणार नाही.

लष्कर_ग्वाल्हेर:

बँकेतून निवृत्त आहे, सगळी नोकरी ब्रँचमध्येच गेली, म्हणून लिहितो. तुमचा सव्वाआठ रुपयांचा हिशोब बरोबर आहे आणि तो देशभर पडताळून झालाय म्हणा ना. २५ ऑक्टोबर २०११ ला रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा व्याजदर मोकळा केला, तोपर्यंत सगळीकडे सारखा होता, ४ टक्के. लगेच एक-दोन नव्या खाजगी बँका ६ टक्क्यांवर गेल्या. आम्हाला वाटलं आता आमच्या ब्रँचा ओस पडणार. कुठलं काय! स्टेट बँक जुलै २०१७ पर्यंत ४ वरच बसून राहिली, मग साडेतीन, आणि उतरत उतरत २०२५ च्या जूनमध्ये अडीच. म्हणून काही आमच्या जीवाजी गंजातले पेन्शनर पासबुकं घेऊन दुसरीकडे पळाले नाहीत. बचत खात्यात माणूस व्याजासाठी पैसे ठेवतच नाही हो, अडीअडचणीला हाताशी असावेत म्हणून ठेवतो. तुमच्या काकूंना नेमके तेच मिळाले नाहीत. व्याज बघतात ते एफडीला, तिथे पाव टक्क्यासाठी पण लोक चार ठिकाणी विचारतात.

अजून एक, जुन्या लोकांना आठवत असेल, १ एप्रिल २०१० च्या आधी व्याज रोजच्या शिलकीवर नव्हतं, महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. ११ तारखेला पैसे भरले तर त्या महिन्याचं त्यावर काही नाही. तरीसुद्धा लोक ठेवायचेच.

सुदामानगर:

भिया, तुम्ही लोक सेवा सेवा करताय पण खरं कारण कोणी बोलतच नाहीये. पतसंस्थेतल्या ठेवीला विमा नाही. बँकेत (सहकारी बँक पण धरून) ४ फेब्रुवारी २०२० पासून माणशी ५ लाखांपर्यंत विमा आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, त्याआधी १ लाख होता. तुमच्याकडे शून्य. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी ह्या सहकारी बँकेत लोकांना सुरुवातीला हजार रुपयांच्या वर काढू देत नव्हते, ते टीव्हीवर बघितल्यापासून माझ्या वडिलांनी "सहकारी" शब्द असलेल्या ठिकाणी पैसे ठेवणं बंद केलं. आणि वर तुमच्या खात्याला यूपीआय नाही. आजकाल दुधाचं बिल पण फोनवरून जातं, मग पैसा जिथून खर्च होतो तिथेच राहणार ना, काउंटरवाला कितीही गोड बोलला तरी.

रामबाग_इंदोर:

सुदामानगर, मुद्दा एकदम मान्य, विमा नाही हे आम्ही लपवत पण नाही. पण भीतीच असती तर मुदत ठेवी आधी गेल्या असत्या ना? त्या मोठ्या रकमेच्या, आणि त्या तर जागच्या जागी आहेत. यूपीआयचं मात्र खरं आहे, पस्तिशीच्या आतले सभासद त्याच्यामुळेच गेले असणार. माझा प्रश्न साठीच्या पुढच्यांचा आहे, ज्यांच्याकडे फोन आहे पण पेमेंट सून करते.

दांडियाबाजार_बडोदा:

दादा, मी एमबीए करतेय आणि माझं प्रोजेक्ट जवळपास ह्याच विषयावर आहे, म्हणून राहवलं नाही. सर्व्हक्वाल नावाचं एक माप आहे, परशुरामन, झाइथामल आणि बेरी ह्या तिघांनी १९८८ मध्ये काढलेलं, त्यात २२ वाक्यं असतात आणि ग्राहकाला दोनदा विचारतात, चांगल्या बँकेकडून अपेक्षा काय आणि इथे मिळतं काय, मधला फरक म्हणजे सेवेची उणीव. पाच बाजू धरतात, बोलल्याप्रमाणे काम होणं, चटकन होणं, माणसं जाणकार आणि भरवशाची असणं, आपुलकी, आणि दिसणाऱ्या वस्तू म्हणजे इमारत, फर्निचर, कपडे वगैरे. तुमच्या सचिवकाकांची एसी शेवटच्या खणात येते, आणि त्या काकूंचं प्रकरण बाकीच्या चारही खणांत बसतं.

पण प्लीज फॉर्म छापून काउंटरवर ठेवू नका. जे यायचे थांबले ते काउंटरवर नाहीतच, मग फॉर्म भरणार कोण, जे खूश आहेत तेच. आमच्या मॅडमनी ह्याच्यावरून मला अख्खा चॅप्टर परत लिहायला लावला. दुसरं, "किती शिल्लक ठेवता" हे कोणी खरं सांगत नाही, आणि तुम्हाला विचारायची गरजच नाही, लेजर तुमच्याकडेच आहे. प्रत्येक खात्याची सरासरी महिन्याची शिल्लक काढा, दोन वर्षांपूर्वीची आणि आत्ताची, जिथे जास्त घसरलीय ती नावं बाजूला काढा आणि त्यांच्या घरी जा. फोन नको, घरी जा.

आणि एक सापळा आहे, त्याच्यात आम्ही सगळेच पडतो. ज्यांची शिल्लक मोठी त्यांना आत केबिनमध्ये खुर्ची आणि चहा मिळतो, मग ते लिहितात सेवा उत्तम. कागदावर दिसतं की चांगल्या सेवेमुळे ठेव वाढली, पण खरं उलट झालेलं असतं, ठेव होती म्हणून सेवा मिळाली. म्हणून एकाच वेळचे आकडे बघू नका, आधी काय बदललं आणि नंतर शिल्लक कुठे गेली असा क्रम लावा. तुमच्या त्या काकूंच्या खात्यात तो क्रम स्पष्ट दिसतोय, आधी सही, मग मुलगा. अशी अजून किती खाती आहेत ते मोजलंत की अध्यक्षांना दाखवायला पुरेसं आहे.

रामबाग_इंदोर:

हे भारी आहे. चहाचं तर आमच्याकडे अगदी तस्संच होतं, आणि कोणाला चहा द्यायचा ते शिपाई पण बरोबर ओळखतो. घसरलेल्या खात्यांची यादी मी ह्या रविवारी काढतो, पिग्मी एजंटांना बरोबर घेऊन घरी जाईन म्हणतोय, त्यांना लोक मोकळेपणाने बोलतात. लष्करकाका, सहीचं काय करायचं तेवढं सांगा ना, ते यादीची वाट न बघता करून टाकतो.

लष्कर_ग्वाल्हेर:

ते सोपं आहे. साठीच्या पुढच्या सगळ्यांची नवीन नमुना सही घ्या, फोटोसकट, आणि जुनं कार्ड रद्द. ज्यांचा हात चालतच नाही त्यांच्यासाठी बँकांना रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे, अंगठा घ्यायचा, बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पतसंस्थेला ती लागू नाही, पण मंडळात ठराव करून तशीच पद्धत घेता येईल, वकिलाला एकदा दाखवा. मॅनेजर बाहेर असला तर पाच-दहा हजारांपर्यंत कोण पास करणार ते त्याच ठरावात लिहा, नाहीतर "उद्या या" चालूच राहील. आणि ७० च्या पुढच्यांना घरी रोख पोचवण्याबद्दल बँकांना नोव्हेंबर २०१७ मध्येच सांगितलंय, बँका कितपत करतात ते सोडा, पण तुमच्याकडे तर एजंट रोज त्याच गल्लीतून जातोय. आत्ता तो लोकांकडून पैसे फक्त आणतो, त्यांच्याकडे नेऊ पण दे. रकमेला मर्यादा घाला, दोन प्रतींत पावती, आणि संध्याकाळी मॅनेजरने त्या घरी फोन करून खात्री करायची, हे न करता सुरू करू नका, मी अफरातफरीच्या चौकश्या केल्यात.

रामबाग_इंदोर:

धन्यवाद काका. एजंटाकडून घरपोच रोख द्यायचा असा ठराव कोणाच्या पतसंस्थेत झाला असेल तर त्याचा नमुना इथे टाका प्लीज, विशेषतः रक्कम हरवली तर जबाबदारी कोणाची ते कसं लिहिलंय, कारण अध्यक्ष नेमकं तिथेच बोट ठेवणार आहेत.