पाइप बदलण्याआधी इंजिनाची गळती तपासा

एक्स्पान्शन चेंबरचा (मध्ये फुगीर असलेला एक्झॉस्टचा) पाइप आणि उघडा एअर फिल्टर लावला की टू-स्ट्रोक एटीव्हीची (चार जाड चाकांच्या ऑफ-रोड गाडीची) ताकद वाढते, बोर (सिलिंडरचा व्यास) मोठा करायची गरज नाही, असं म्हणतात, ते मला पटतं. पण या दोन्हींमुळे हवा जास्त ओढली जाते. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) मोठा केला नाही तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि प्रीमिक्सवर (पेट्रोलमध्येच तेल मिसळून) चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल कमी पडलं की सोबतचं तेलही कमी पडतं.

मी जेट बदलला होता, तरीही फुल थ्रॉटलवर इंजिन सीज झालं (पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला). सिलिंडर काढला तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे ओरखडे, ॲल्युमिनियम भिंतीला फासलेलं, प्लगच्या टोकावर करडे बारीक मणी. दोष निघाला मॅग्नेटोकडच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या बाजूच्या) क्रँक सीलचा, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या रबरी सीलचा! रबर कडक होऊन ते हवा ओढत होतं. मूळ सेटिंगवर ते निभावून गेलं होतं, एवढंच. म्हणून आधी इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून साधारण 6 पीएसआय हवा भरा. पाच-सहा मिनिटं प्रेशर गेजचा काटा जागचा हलता कामा नये. हललाच तर सील आणि गॅस्केटवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे जागा दाखवतात.

आणि चिखलात, सावकाश चढावर चालवणार असाल तर माझ्या मते तो पाइप नकोच. जोर वरच्या आरपीएमला सरकतो, खाली गाडी मरते. त्यापेक्षा मागचं स्प्रॉकेट एक-दोन दातांनी मोठं लावून बघा, टॉप स्पीड थोडा जाईल पण उचल लगेच जाणवेल.